न वाजणारी घंटा

उशीजवळ लोंबणारी घंटेची दोरी ओढली आणि घंटा वाजलीच नाही, तर तुम्ही-आम्ही काय करू? कुठेतरी तार तुटली असेल म्हणू, सकाळी गड्याला सांगू आणि कूस बदलून झोपू. शेरलॉक होम्स मात्र मान वर करून बघतो. दोरी कुठल्याच तारेला जोडलेली नाही. वर एक आकडा आहे, त्याला ती नुसती अडकवून ठेवली आहे, आणि आकड्याला लागूनच एक छोटा व्हेंटिलेटर आहे. हा व्हेंटिलेटर बाहेरच्या हवेत उघडायला हवा, तर तो उघडतो शेजारच्या खोलीत. पलंग सरकवून बघावा, तर तो जमिनीला पक्का ठोकलेला. एवढंच. आर्थर कॉनन डॉयलच्या ‘द स्पेकल्ड बँड’मध्ये (१८९२) अजून साप आलेला नाही, कुणी किंचाळलेलं नाही, दिवसाउजेडी एक माणूस भिंगातून खोलीची पाहणी करतो आहे. तरी वाचणाऱ्याचे पाय आपोआप पांघरुणात जातात. भालबा केळकरांच्या मराठी अनुवादातून ही गोष्ट लहानपणी भेटली, त्यानंतर कित्येक दिवस मी आमच्या माजघरातल्या झरोक्याकडे पाठ करून झोपत नसे.

या कथेच्या सव्वीस वर्षं आधी चार्ल्स डिकन्सनं नेमकी उलटी घंटा वाजवली होती. ‘द सिग्नल-मॅन’मधली (१८६६) रेल्वेची घंटा चोख चालते, तारा जोडलेल्या आहेत, माणूस दक्ष आहे. फक्त ती अशा वेळी वाजते, जेव्हा ती वाजलेली नसते.

व्हिक्टोरियन भयकथा म्हटलं की धुकं, पडका वाडा, घुबडाचा घूत्कार आणि मेणबत्ती घेऊन जिना चढणारी गोरी तरुणी असं चित्र डोळ्यांपुढे येतं. खरं तर यातलं बरंचसं सामान आधीच्या शतकातलं. होरेस वॉल्पोलच्या ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’मध्ये (१७६४) आकाशातून भलंमोठं शिरस्त्राण पडून वारसदाराचा चेंदामेंदा होतो. व्हिक्टोरियन कथाकारांनी हा वारसा नाकारला नाही. माळ्यावर टाकला आणि लागेल तेवढाच खाली काढला. त्यांची स्वतःची भीती कारकुनी वळणाची आहे. खोलीत मेणबत्त्या किती, घराचं भाडं काय, गाडी किती वाजता, दाराला कड्या किती हे सगळं ते वहीत टिपावं तसं टिपतात. हिशेब इतका नेटका मांडतात, की शेवटी एक पै जुळत नाही तेव्हा अंगावर काटा येतो. राणी व्हिक्टोरिया १८३७ मध्ये गादीवर आली आणि १९०१ मध्ये वारली. या चौसष्ट वर्षांतल्या चांगल्या भयकथा मला या हिशेबाच्या कथा वाटतात.

त्या लघुकथाच का झाल्या, याचं उत्तर छापखान्यात आहे. इंग्लंडमध्ये वर्तमानपत्रांवरची स्टँप ड्यूटी १८५५ मध्ये गेली, कागदावरचा कर १८६१ मध्ये. नियतकालिकं स्वस्त झाली, ढिगानं निघाली आणि त्यांना पानं भरायला कथा लागू लागल्या. डिकन्सचं ‘हाउसहोल्ड वर्ड्स’ १८५० पासून दोन पेन्सांत दर आठवड्याला येत होतं, पुढे १८५९ मध्ये त्याची जागा ‘ऑल द इयर राउंड’नं घेतली. दोन्हींचे नाताळ अंक वाचक वाट पाहून घेत. डिसेंबरात लंडनला दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. बाहेर थंडी, आत शेकोटी, घरातली लहानथोर मंडळी एका खोलीत आणि एकजण मोठ्यानं वाचतोय. वाचणाऱ्याचा आवाज आणि ऐकणाऱ्यांची बैठक दोन्ही टिकेल एवढीच लांबी चालायची. आपल्याकडे काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तो इंग्रजी नाताळ अंकांच्या धर्तीवर. म्हणजे रत्नाकर मतकरींची गूढकथा दिवाळीत फराळाचं ताट मांडीवर घेऊन वाचायची आपली सवय दूरच्या नात्यानं त्या शेकोटीपर्यंत पोचते.

त्या शेकोटीचा मुख्य पुरोहित डिकन्स. ‘अ ख्रिसमस कॅरल’ १९ डिसेंबर १८४३ ला बाजारात आलं आणि पहिल्या सहा हजार प्रती नाताळपर्यंत संपल्या. आज ती दयाळूपणाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. पण मार्लीचं भूत येण्याआधीची दोन पानं पुन्हा वाचून बघावीत. कंजूष स्क्रूज घरी येतो, खोल्या तपासतो, दाराला दोनदा कुलूप लावतो आणि बसतो. त्याची नजर भिंतीवरच्या घंटेकडे जाते. वरच्या मजल्यावरच्या कुठल्याशा खोलीशी ती जोडलेली आहे, पण कशासाठी हे आता कुणाला आठवत नाही. ती हलू लागते. आधी इतकी हळू, की आवाजही नाही. मग खणखणते, आणि तिच्यामागून घरातल्या सगळ्या घंटा. त्या काळच्या वाचकाला यातलं भय आपल्यापेक्षा जास्त कळत असणार. घंटा म्हणजे मालकानं नोकराला बोलवायचं साधन. इथे मालक खाली एकटा बसलाय, आणि वरून कुणीतरी त्याला बोलावतंय. मार्ली येतो तोही साखळीला पैशाच्या पेट्या, किल्ल्या, कुलपं आणि खातेवह्या लटकवून. भूतसुद्धा हिशेबासकट.

पण डिकन्सची खरी भयकथा ‘द सिग्नल-मॅन’च, आणि तिच्यामागे एक खरा अपघात आहे. ९ जून १८६५ ला तो फ्रान्सहून परतत होता. केंटमध्ये स्टेपलहर्स्टजवळ पुलाच्या दुरुस्तीसाठी रूळ काढून ठेवले होते. मुकादमानं वेळापत्रक चुकीचं वाचलं, बावटेवाला हवा तेवढा पुढे उभा नव्हता, आणि गाडीचे डबे खालच्या नदीच्या पात्रात गेले. दहा माणसं दगावली. डिकन्सचा डबा पुलाच्या कडेला लटकत राहिला. त्यानं ब्रँडीची बाटली घेऊन, हॅटमधून पाणी आणून जखमींची शुश्रूषा केली आणि मग ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’चं हस्तलिखित राहिलं म्हणून लटकत्या डब्यात परत चढला. पुढे आयुष्यभर त्याला आगगाडीत धडकी भरायची. तो वारला १८७० मध्ये, तारीख तीच, ९ जून. कुणा कथाकारानं असा शेवट केला असता तर संपादकानं खोडून काढला असता.

कथेतला सिग्नलवाला एका खोल, ओल्या कटिंगच्या तळाशी, बोगद्याच्या तोंडाजवळ केबिनमध्ये राहतो. वर काठावरून निवेदक त्याला हाक मारतो. हाक वरून आलेली असताना तो वर बघत नाही, वळून रुळांकडे, बोगद्याच्या दिशेनं बघतो. पहिल्याच परिच्छेदातला हा एक चुकीचा हावभाव सगळ्या कथेला पुरतो. पुढे दोघं केबिनमध्ये गप्पा मारत बसतात. माणूस शिकलेला, कामात काटेकोर. बोलता बोलता दोनदा तो गप्प होतो, घंटेकडे बघतो, उठून दार उघडतो आणि बोगद्याजवळच्या लाल दिव्याकडे नजर टाकतो. दुसऱ्या भेटीत निवेदक त्याला समजावतो, की त्या दोन्ही वेळा घंटा वाजली नव्हती, माझे कान उघडे होते. सिग्नलवाला चिडत नाही, शपथा घालत नाही. भुतानं वाजवलेली घंटा वेगळी असते, ती डोळ्यांना हलताना दिसत नाही, तुम्हाला ऐकू आली नाही यात नवल नाही, अशा अर्थाचं काहीतरी शांतपणे सांगतो. त्याचं दुःख भुताचं नाहीच. ते भूत आधी दोनदा आलं आणि दोन्ही वेळा मागोमाग मृत्यू झाला. आता तिसऱ्यांदा येतंय. वरच्या स्टेशनला तार करावी तर काय लिहावं? धोका आहे, कुठे ते माहीत नाही, काय ते माहीत नाही. नोकरी जाईल. यंत्रणेतल्या प्रामाणिक माणसाची ही कोंडी डिकन्सच्या आधी कुणी भयकथेत आणली असेल असं मला वाटत नाही. शेवटी इंजिनाखाली येतो तो स्वतःच. ड्रायव्हर ज्या शब्दांत ओरडला ते शब्द आणि डोळ्यांवर आडवा धरलेला त्याचा हात निवेदकाला ओळखीचे वाटतात. त्यातले काही शब्द तर निवेदकानं फक्त मनात जुळवले होते, कुणाला बोलून दाखवले नव्हते. कथा तिथेच थांबते.

डिकन्स थांबला, एडवर्ड बुल्वर-लिटनला थांबता आलं नाही. त्याच्या ‘द हॉन्टेड अँड द हॉन्टर्स’चा (१८५९) पूर्वार्ध घरातल्या रात्रीच्या वर्णनासाठी आजही वाचावा. उत्तरार्धात तो गुप्त खोली, बशीत तरंगणारी सुई आणि इच्छाशक्तीचं शास्त्र काढतो आणि भीती विझते. स्पष्टीकरण द्यायचंच तर शेरिडन ले फानूसारखं द्यावं, म्हणजे ज्यानं ते दिलं त्याच्यावरचाच विश्वास उडावा.

डब्लिनच्या या लेखकाची ‘ग्रीन टी’ (१८६९) ही डॉक्टरच्या कागदपत्रांतली केस आहे. रेव्हरंड जेनिंग्ज हा सज्जन पाद्री रात्री घोड्याच्या बसमधून घरी येतोय. गाडीत दुसरं कुणी नाही. समोरच्या कोपऱ्यात त्याला दोन तांबूस ठिपके दिसतात. बटणं असतील असं वाटतं. मग कळतं, ते एका लहान काळ्या माकडाचे डोळे आहेत. कुणाचं पाळीव जनावर राहून गेलं असेल म्हणून तो छत्रीचं टोक हळूच पुढे करतो. छत्री माकडाला लागत नाही, माकडातून आरपार जाते. इथली गंमत त्या छत्रीत आहे. माणूस घाबरून ओरडला असता तर आपण त्याला भित्रा म्हटलं असतं. तो प्रयोग करतो, आणि प्रयोगाचा निष्कर्ष येतो. पुढे माकड घरी येतं, तो प्रवचन वाचायला लागला की बायबलवर बसतं, मग बोलू लागतं. डॉक्टर हेसेलियस धीर देतात, पुन्हा त्रास झाला तर ताबडतोब कळवा म्हणतात, आणि निवांत विचार करता यावा म्हणून पत्ता न ठेवता गावाबाहेरच्या खाणावळीत जाऊन राहतात. जेनिंग्जचं पत्र त्यांना उशिरा मिळतं, तोवर त्यानं गळा चिरून घेतलेला असतो. कथेच्या शेवटी डॉक्टर महाशय हिरव्या चहानं अंतर्दृष्टी कशी उघडते याचं व्याख्यान झोडतात आणि मी उपचार सुरूच केले नव्हते, तेव्हा हा रोगी माझ्या खात्यात धरू नये, असंही सुचवतात. माकडापेक्षा या खुलाशाची भीती मला जास्त वाटते.

उजेडाचा उपयोग या कथाकारांइतका कुणी केला नसेल. गॅसचे दिवे शहरात आले होते, पण घराच्या कोपऱ्यांत आणि खेड्यांत मेणबत्तीच होती, आणि मेणबत्तीच्या उजेडाला काठ असतो. एच. जी. वेल्सच्या ‘द रेड रूम’मध्ये (१८९६) अठ्ठावीस वर्षांचा तरुण पैजेच्या तोऱ्यात झपाटलेल्या खोलीत रात्र काढायला जातो. कोपऱ्यात सावली नको म्हणून मेणबत्त्या आणून मांडतो, मोजून सतरा. मग एक विझते. वारा असेल. दुसरी विझते. तो काड्यापेटी घेऊन धावू लागतो; एक पेटवावी तोवर पलीकडच्या दोन विझतात. घामाघूम झालेल्या माणसाची ही धावपळ वेल्सनं विनोदाच्या अगदी कडेवरून नेली आहे. सकाळी त्याला विचारतात, कुणाचं भूत होतं, म्हाताऱ्या सरदाराचं की घाबरून मेलेल्या त्याच्या बायकोचं? तो सांगतो, कुणाचंच नाही, त्या खोलीत भीतीच राहते.

भूतकथा लिहिणाऱ्यांत स्त्रिया पुष्कळ होत्या, आणि त्यांच्या कथांतलं घर पुरुषांच्या कथांतल्या घरापेक्षा वेगळं आहे. १८७० आणि १८८२ चे कायदे होईपर्यंत इंग्लंडमध्ये लग्न झालेल्या बाईची कमाईसुद्धा कायद्यानं नवऱ्याची होती. ज्या घरात आपल्या नावावर एक खुर्ची नाही त्या घराकडे बाई कशी बघेल? शार्लट रिडेलच्या नवऱ्याचं दिवाळं निघालं आणि तिनं लेखणीवर त्याची देणी फेडली. तिच्या ‘द अनइनहॅबिटेड हाउस’चा (१८७५) निवेदक वकिलाच्या कचेरीतला कारकून आहे. घराला भाडेकरू टिकत नाहीत, करार मोडून निघून जातात, प्रकरण कोर्टात जातं. भूत म्हणजे बुडालेलं भाडं. पुढे ‘द रेल्वे चिल्ड्रेन’नं प्रसिद्ध झालेल्या ईडिथ नेस्बिटच्या ‘मॅन-साइज इन मार्बल’मध्ये (१८८७) नवं जोडपं खेड्यात स्वस्त घर घेतं. तो चित्रं काढतो, ती लिहिते, त्यावरच दोघांचं पोट. कामवाली बाई महिना भरायच्या आत काम सोडायचं म्हणते. चर्चमधले दोन संगमरवरी सरदार वर्षातून एका रात्री उठून या घराकडे चालत येतात म्हणे. नवरा हे बायकोला सांगत नाही, उगाच घाबरेल म्हणून. त्या रात्री चर्चमधले ओटे त्याला रिकामे दिसतात, तो घराकडे पळत सुटतो, वाटेत डॉक्टर भेटतो आणि खात्री करायला त्याला परत चर्चमध्ये घेऊन जातो. पुतळे जागेवर असतात, फक्त एकाचा हात तुटलेला. दोन शहाणे पुरुष शहानिशा करत असताना घरी बायको मेलेली असते, आणि तिच्या मुठीत दगडाचं एक बोट असतं.

भीतीचा बराचसा कच्चा माल हिंदुस्थानातून आयात होई, हे आपण हसत हसत नोंदवायला हवं. ‘स्पेकल्ड बँड’मधला डॉक्टर रॉयलट कलकत्त्याहून परतलेला; त्याच्या आवारात चित्ता आणि बबून मोकळे फिरतात (बबून हिंदुस्थानात नसतो, हे कुणाला पडलंय?), आणि साप बशीतल्या दुधासाठी शीळ ऐकून दोरीवरून परत येतो. साप दूध पीत नाही, हे आपल्याकडे सर्पमित्र दर नागपंचमीला घसा कोरडा करून सांगतात. डॉयलला कुणी सांगितलं नसावं. रडयार्ड किपलिंगला निदान मुलूख माहीत होता, तो मुंबईतच जन्मला. त्याची ‘द फँटम रिक्षा’ लाहोरच्या १८८५ च्या एका नाताळ अंकात आली. सिमल्याच्या रस्त्यावर झिडकारलेल्या मेमसाहेबाची रिक्षा तिच्या मरणानंतरही फिरत असते, काळ्यापांढऱ्या गणवेशात ती ओढणाऱ्या चार झंपान्यांसकट. चौकशी केल्यावर कळतं, झंपानी पटकीनं मेले आणि रिक्षा मोडीत निघाली. तेव्हा तिला झिडकारणाऱ्या साहेबाच्या मनात येतं, मेलेल्यांनाही नोकरी असते तर. मग त्यांना पगार किती, वेळ काय? साम्राज्याबद्दल यापेक्षा खरं किपलिंग क्वचितच बोलला असेल.

आर. एल. स्टीव्हन्सनची ‘द बॉडी स्नॅचर’ (१८८४) एडिंबरोच्या प्रेतचोरीवर आहे. शवविच्छेदनाला प्रेतं मिळत नसत म्हणून बर्क आणि हेअर यांनी १८२८ मध्ये माणसं मारून विकली. शवविच्छेदनासाठी प्रेतं मिळण्याची सोय करणारा १८३२ चा कायदा त्यानंतरचा. कथा चांगली असली तरी तिची भीती इतिहासानं आधीच कमावलेली आहे. केंब्रिजच्या एम. आर. जेम्सनं १८९३ मध्ये मित्रमंडळींपुढे वाचलेल्या पहिल्या दोन कथांत जुनी पोथी, तळटीप आणि पाठीमागून टेबलावर येणारा केसाळ पंजा यांचं नवं मिश्रण होतं, पण त्याची खरी कारकीर्द पुढच्या शतकातली. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्सची ‘द मंकीज पॉ’सुद्धा राणीच्या पश्चात, १९०२ ची. ती इथे घेतो कारण तिच्यात हिशेब पैसा न पैसा जुळतो आणि तेच भयंकर ठरतं. म्हातारा-म्हातारी फकिरानं मंतरलेल्या माकडाच्या पंजाकडे दोनशे पौंड मागतात. दुसऱ्या दिवशी मुलगा कारखान्याच्या यंत्रात सापडून मरतो. कंपनी जबाबदारी नाकारते, तरी नोकरीची कदर म्हणून काही रक्कम देऊ करते. किती, हे म्हातारा कोरड्या ओठांनी विचारतो.

कोकणातलं भूत आलं की त्याची जात ओळखता येते. मुंजा असेल तर पिंपळावर, हडळ असेल तर पाय उलटे, चकवा असेल तर वाट चुकवणार; आणि प्रत्येकाचा उतारा गावातल्या कुणाला तरी ठाऊक असतो. व्हिक्टोरियन भुताला कुळी नाही आणि त्याच्यावर उताराही नाही. जे काही आहे ते खुणांवरून ताडायचं. एलिझाबेथ गॅस्केलच्या ‘द ओल्ड नर्सेस स्टोरी’मध्ये (१८५२) अशा खुणा सगळ्यात सुंदर आहेत. नॉर्दम्बरलंडच्या एका वाड्यात रात्री ऑर्गन वाजतो. दाई हेस्टर दिवसा तो उघडून बघते: बाहेरून दिमाखदार, आतून सगळा मोडलेला. पुढे एक मुलगी बर्फात बाहेर उभी राहून खिडकीची तावदानं बडवताना दिसते, आणि जरा वेळानं हेस्टरच्या लक्षात येतं की एवढ्या निःशब्द थंडीत काचेवर एकही आवाज झालेला नाही. मोडका ऑर्गन वाजतो, बडवलेली काच वाजत नाही. शेवटी ही भुतं फक्त हेस्टर सांभाळते त्या लहान मुलीला, रोझामंडला, दिसावीत, असं संपादक डिकन्सचं म्हणणं होतं. गॅस्केलनं ते मानलं नाही, सगळ्यांना दाखवलीच. माझ्या मते डिकन्सचं बरोबर होतं. शेवट जरा नाटकी होतो.

पण त्याआधी एक प्रसंग आहे. छोटी रोझामंड बर्फात हरवते आणि धनगराला झुडपाखाली निजलेली सापडते. शुद्धीवर आल्यावर सांगते, एक मुलगी मला हात धरून घेऊन गेली. हेस्टर रागावते. खोटं बोलू नकोस, बर्फात तुझ्या एकटीच्याच पावलांचे ठसे होते. दुसरी कुणी असती तर तिचे उमटले नसते का? रोझामंड रडत सांगते, नसतील उमटले तर मी काय करू, मी काही तिच्या पायांकडे बघितलं नाही. तिनं माझा हात घट्ट धरला होता, आणि तो फार, फार गार होता.